तिसरा नकार

पंडिताला जुनं चिनी येत होतं आणि ताईला माणसं कळत होती. या दोन्हींची बेरीज करून जे इंग्रजी पुस्तक तयार व्हायचं, त्यावर नाव मात्र एकट्या पंडिताचं असायचं. बेरीज करताना एक आकडा हातचा धरतात ना, गेली नऊ वर्षं तो हातचा म्हणजे ताई.

पंडित हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दहा वर्षांचा असताना तो घरी आलेल्या पाहुण्यांच्या बोलण्यातल्या चुका काढायचा, म्हणून घरच्यांनी चिडवायला ठेवलेलं ते नाव. त्याने ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं आणि पुढे आयुष्यभर त्या पदवीला जागला. कॉलेजात जुनी चिनी भाषा शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर तीनशे वर्षांपूर्वीची एक भली थोरली चिनी कादंबरी इंग्रजीत आणायचं मनावर घेतलं. ताई ही त्याची थोरली बहीण. लग्न तिचंही झालेलं नव्हतं. फरक इतकाच, की लोकांच्या लेखी त्याने ते 'केलं नाही' आणि तिचं ते 'राहिलं'.

ताईने एकतीस वर्षं एका मोठ्या ऑफिसात साहेबांच्या केबिनबाहेर काढली. हुद्दा सेक्रेटरीचा, पण खरं काम साहेबांच्या बोलण्याचं सभ्य इंग्रजी करून देण्याचं. साहेब 'बघू' म्हणाले की ते नाही, 'बघूया ना' म्हणाले की अजिबात नाही, आणि काहीच न बोलता चष्मा पुसायला लागले की समोरच्याने बदलीची तयारी करावी. यातलं एक अक्षरही पत्रात दिसता कामा नये, पण वाचणाऱ्याला सगळं कळलं पाहिजे. अशी पत्रं ताई दिवसाला वीस-वीस काढायची. निवृत्तीच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि साहेब भाषणात म्हणाले, हिचं अक्षर फार सुंदर आहे.

तर, ती कादंबरी. रेशमाच्या व्यापाऱ्याचं घर, त्यात एक खाष्ट सासू, चार सुना, काका, मामा, आश्रित मिळून चाळीसेक माणसं, आणि ऐंशी प्रकरणांत एकही माणूस मनातलं बोलत नाही. राग आला की हवेबद्दल बोलतात, माया आली की औषधाबद्दल. पंडिताला प्रत्येक चिनी शब्दाचे सात अर्थ तोंडपाठ होते. त्या माणसाला नेमकं काय म्हणायचंय, एवढंच तेवढं कळायचं नाही.

म्हणून रोज सकाळी दहाला दोघं जेवणाच्या टेबलावर बसत. पंडित मूळ ओळ मोठ्याने वाचे, ती ताईला ओ की ठो कळत नसे. मग तो शब्दश: अर्थ सांगे. मग ताई विचारायची, "खोलीत अजून कोण आहे? दार उघडंय की लावलेलं? बोलणं झाल्यावर आधी उठलं कोण?" पंडित पान चाळून उत्तरं देई. ताई थोडा वेळ खिडकीबाहेर बघे आणि एक साधं इंग्रजी वाक्य बोले. पंडित 'हं' म्हणे आणि ते कार्डावर लिहून घेई. कार्डावर उतरलं की वाक्य पंडिताचं झालेलं असे.

पहिल्या खंडात एक लांबचा नातेवाईक मुलाला नोकरी लावून द्या म्हणून थोरल्या सुनेकडे येतो. ती सगळं गोड हसून ऐकते आणि म्हणते, "चहा घ्या ना." तो ताडकन उठतो आणि निघून जातो. त्या काळच्या बड्या घरांत, यजमानाने चहा पुढे केला की पाहुण्याने निघायचं, अशी रीत होती. पंडिताने इंग्रजीत तिला चहाच विचारायला लावला आणि खाली नऊ ओळींची टीप जोडली.

"टीप वाचून होईपर्यंत तो घरी पोचेल," ताई म्हणाली.

"मग काय करू? रीत कशी सोडू?"

"चहा राहू दे हातात. तिला म्हणू दे, 'मीच तुमचा फार वेळ घेतला.'"

हे वाक्य ताईने ऑफिसात किती लोकांना ऐकवलं होतं याची गणती नाही. ते ऐकून दोन मिनिटं जास्त बसलेला माणूस तिने एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. पुस्तक आलं तेव्हा एका मोठ्या मासिकाने नेमकं तेच वाक्य उचललं आणि लिहिलं, अनुवादकाच्या कानाला दाद द्यावी तेवढी थोडी. पंडिताने ते कात्रण फ्रेम करून घेतलं. कान कोणाचा, हे मासिकाने विचारलं नव्हतं आणि पंडित विचारल्याशिवाय काही सांगणाऱ्यातला नव्हता.

पण तो अगदीच कृतघ्न होता असं म्हणायची सोय नाही. नाव घालू का, हे त्याने ताईला विचारलं होतं. पहिल्या खंडाच्या वेळी दारात, एका पायात बूट आणि दुसरा हातात अशा अवस्थेत: "ताई, तुझं नाव घालायचं का गं पुस्तकावर?" ताई म्हणाली, "माझं कशाला?" तो "बरं" म्हणाला आणि दुसरा बूट घातला. दुसऱ्या खंडाला लायब्ररीतून फोन केला, मागे कोणीतरी त्याला घाई करत होतं. ताई म्हणाली, "नको रे, राहू दे." तिसऱ्या खंडाला ताई न्हाणीघरात होती, नळ सोडलेला होता, आणि पंडित बाहेरून ओरडला. तिने "काय?" म्हणून विचारलं, मग समजल्यावर "कशाला उगाच!" म्हणाली. तिन्ही वेळा तिला वाटलं, आता हा पुन्हा विचारेल. तिन्ही वेळा तिने थोडी वाटही पाहिली.

गंमत अशी, की पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत पंडिताने दीड पान खर्चून समजावलं होतं, की या कादंबरीतली माणसं कुठलाही मान देऊ केला की आधी नको म्हणतात. पहिला नकार हा संस्कार, दुसरा नकार हा समोरच्याचा अंदाज, आणि तिसरा नकार आला तरच तो नकार. जो एकदाच विचारून गप्प बसतो त्याला मुळात द्यायचंच नसतं, असंही पुढे लिहिलं होतं. हा सगळा उलगडाही, सांगायला नकोच, टेबलावर ताईने केलेला.

आता चौथा आणि शेवटचा खंड निघायचा होता. एका विद्यापीठाने पंडिताला व्याख्यानाला बोलावलं, विषय 'न बोललेल्या वाक्यांचा अनुवाद'. त्याने व्याख्यानाची तालीम घरीच केली. ताईला हातात घड्याळ देऊन समोर बसवलं, चाळीस मिनिटांच्या वर जायला नको म्हणून. "त्या चहाच्या वाक्यापाशी मी कित्येक आठवडे अडलो होतो," पंडित भिंतीकडे बघत म्हणाला, "आणि मग एके दिवशी ते मला सुचलं."

"अडतीस मिनिटं," ताई म्हणाली.

त्या दिवशी ताईच्या मनाने घेतलं. मोठेपणा नको होता, हारतुरे नको होते. चौथ्या खंडाच्या पहिल्या पानावर, पंडिताच्या नावाच्या खाली का होईना, आपलं नाव छापलेलं तिला बघायचं होतं. वयाची पंच्याहत्तरी जवळ आली होती आणि आयुष्यात तिच्या हाताखालून गेलेल्या लाखो ओळींपैकी एकीवरही तिचं नाव नव्हतं. हे शुक्रवारच्या आत व्हायला हवं होतं, कारण शुक्रवारी पान छापायला जाणार होतं. पण सरळ मागायची जीभ ताईकडे नव्हती. एकतीस वर्षं आडून बोलण्यात गेलेली बाई, ती आडूनच बोलणार.

सोमवारी तिने विचारलं, "पहिलं पान गेलं का रे छापायला?"

"शुक्रवारी जाईल."

"म्हणजे अजून बदल करता येतो."

"येतो की. पण कशाला? माझं नाव बरोबर आहे, मी तपासलंय."

मंगळवारी तिने जरा पुढचं पाऊल टाकलं. "एका पुस्तकावर दोन नावं असली की कसं दिसतं रे?"

"गर्दी दिसते," पंडित म्हणाला.

बुधवारी तिने लाज सोडली, म्हणजे तिच्या मानाने सोडली. "ऑफिसात मी टाइप केलेल्या प्रत्येक पत्राखाली साहेबांची सही असायची. एकतीस वर्षांत एकदाही माझी नाही."

पंडिताने हातातलं भिंग खाली ठेवलं. ताईला वाटलं, लागलं ठिकाणी.

"खरंच, किती छान नोकरी होती गं तुझी," तो म्हणाला. "कसली म्हणून जबाबदारी नाही."

ताई उठून गेली आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. पंडित भोळा आहे, तिने स्वत:ला समजावलं. पुस्तकात बुडालेली माणसं अशीच असतात. कादंबरीत एक मधला काका होता, कोणी काही सुचवलं की तो शब्दाला शब्द धरून उत्तर देई आणि नामानिराळा राही. पंडित त्याला भोळा सांब म्हणायचा. ताई नऊ वर्षं वाद घालत आली होती, की तो काका भोळाबिळा काही नाही, भोळं राहणं त्याला परवडतं म्हणून तो राहतो. कागदावरच्या काकाला तिने कधी सूट दिली नाही. घरातल्या भावाला मात्र ती रोज देत होती.

गुरुवारी प्रकाशकाकडून मुद्रितं आली. पंडित केस कापायला गेला होता, म्हणून पाकीट ताईने फोडलं. आभाराचं पान सगळ्यात वर होतं. त्यात विद्यापीठाचे आभार होते, लायब्ररीचे होते, डोळ्यांच्या डॉक्टरांचे होते, आणि शेवटी असं होतं: 'माझ्या थोरल्या बहिणीने हस्तलिखित नीटनेटकं करण्यात मोलाची मदत केली. तिचंही नाव या पुस्तकावर असावं असा माझा आग्रह होता. तिने तो तीन वेळा विनयाने नाकारला. या कादंबरीतल्या शिष्टाचाराप्रमाणे तिसरा नकार अखेरचा मानायचा असतो, आणि मी तो मानला.'

म्हणजे हा मोजत होता. बुटाच्या वेळी एक, फोनवर दोन आणि न्हाणीघराच्या दारातून तीन. नऊ वर्षं थांबून, तीन खंडांतून एकेक नकार गोळा करून, याने हिशेब पुरा केला होता. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. भाऊ मठ्ठ आहे असं मानून तिने इतकी वर्षं काढली होती, आणि तो मठ्ठ असता तर किती बरं झालं असतं. आभाराच्या पानावरसुद्धा तिचं नाव नव्हतं, नुसतीच थोरली बहीण होती.

पंडित आला तेव्हा ती म्हणाली, "आभाराचं पान वाचलं."

"कसं वाटलं?"

"नीटनेटकं."

"तुला आवडणार माहीत होतं मला," पंडित म्हणाला आणि मानेवरचे केस झटकत आत गेला.

शुक्रवारी दोघांना प्रकाशकाच्या ऑफिसात बोलावणं होतं. अशा वेळी ताई कार्डांचं खोकं मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत बसे आणि पंडित टेबलाशी गादीच्या खुर्चीत. संपादिका तिशीतली, केसांत पेन्सिल खोचलेली, एका श्वासात चार वाक्यं बोलणारी. तिने शेवटचं पान पुढे सरकवलं. शेवटच्या ओळीभोवती लाल वर्तुळ होतं.

"सर, हे काही जमत नाहीये," ती म्हणाली. "धाकटी सून घर सोडून कायमची निघालीय. सासूने तिला अख्ख्या कादंबरीत छळलंय. ती म्हातारी घाटावर येते आणि म्हणते, 'नावेतली गादी पातळ आहे.' सून वाकून नमस्कार करते, नाव जाते, कादंबरी संपली. चार खंड वाचून वाचकाला आपण शेवटी गादीवर आणून बसवणार?"

"सासू शेवटपर्यंत चिक्कू आहे, असं लेखकाला दाखवायचंय," पंडित म्हणाला.

"मग सून नमस्कार का करते? आणि तो वाकून?"

पंडिताने घसा साफ केला. मग त्याची मान, रोज सकाळी दहाला वळायची तशी, आपोआप कोपऱ्याकडे वळली. "ताई?"

"गादी पातळ आहे," ताई म्हणाली.

"ते झालं गं. म्हणजे काय?"

"म्हणजे कापूस कमी भरलाय."

संपादिकेने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. पंडित हसला. "ताई आज थट्टेच्या मूडमध्ये आहे. अगं, विचार ना, खोलीत अजून कोण आहे ते."

"खोली कुठंय? घाट आहे." ताईने मांडीवरचं खोकं टेबलावर ठेवलं. "मला माझं नाव हवंय," ती म्हणाली. "पहिल्या पानावर. अनुवादक म्हणून. आधीच्या तीन खंडांची नवी आवृत्ती निघेल तेव्हा त्यांच्यावरही."

संपादिका लिहिता लिहिता थांबली. पंडिताचा चेहरा सभेत कोणी मध्येच उठून बोलायला लागल्यावर अध्यक्षांचा होतो तसा झाला.

"अगं, पण मी तुला तीनदा विचारलं! तूच नको म्हणालीस!"

"नऊ वर्षांत तीनदा. एकदा बूट घालताना, एकदा फोनवर आणि एकदा मी आंघोळीला गेले असताना. ते सगळं मोजलंस ना? मग आता हो म्हणतेय, तेही मोज."

"मला काय अडचण असणार?" पंडित संपादिकेकडे वळला. "उलट आनंदच आहे. पण पान आज जायचंय, डिझाइन ठरलंय, आता ऐनवेळी... बघूया ना."

"याचा अर्थ अजिबात नाही असा होतो," ताई संपादिकेला म्हणाली. "हवं तर इंग्रजीत लिहून देते."

संपादिकेला हसू आवरेना, तिने खोकल्याचं निमित्त केलं. मग सरळ बसून म्हणाली, "सर, पान पाचला जाणार. बदल करायला दोन मिनिटं लागतात. तुमची सही तेवढी लागेल. आणि ते शेवटचं वाक्य मला हवंय." तिने पान आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं आणि पंडिताच्या तोंडाकडे बघत बसली.

ज्याला आडून बोललेलं ऐकू येत नाही, त्याला सरळ बोललेलं ऐकू आलं नाही असं म्हणता येत नाही. पंडिताने सही केली. ऐटदार सही त्याची, पण या वेळी शेपूट आखूड राहिली.

"नाव सांगा ताई," संपादिका म्हणाली. ताईने सांगितलं. एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून, पत्ता सांगावा तसं. आडनावापाशी पंडित पुटपुटला, "आडनाव माझंच आहे."

"तुझं नव्हे," ताई म्हणाली. "मी ते तुझ्या सहा वर्षं आधीपासून लावतेय."

संपादिकेने ते लिहून घेतलं. खरोखरच दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ताईला वाटलं होतं, आता आनंद होईल. त्याऐवजी तिला स्वत:चाच संताप आला. एका वाक्याचं काम, आणि तिने नऊ वर्षं हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

"आता लिहा," ती म्हणाली. "म्हातारी म्हणते, 'तुझ्यासाठी जाड गादी करायला हवी होती मी.'"

संपादिकेने लिहिलं. वाचलं. "माफी मागतेय ती," ती हळूच म्हणाली.

"मागत नाहीये. तिला ती मागताच येत नाही. जन्मभर कोणाची मागितली नाही, आता नाव सुटताना कुठून शिकणार? पण सुनेला कळतं. म्हणून वाकते."

बाहेर कोणाचा तरी प्रिंटर पानं ओकत होता. पंडित टेबलावरच्या आपल्या सहीकडे बघत राहिला, मग ताईच्या नावाकडे, मग बराच वेळ ताईच्या खुर्चीच्या पायांकडे.

"ताई," तो म्हणाला, "ही लाकडी खुर्ची फार टणक आहे गं. तुला टोचत असेल."

संपादिकेने वर पाहिलं. ताईला अर्थ कळला, सगळा कळला, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण आज तिला अनुवाद करायचा नव्हता.

"नीट बोल," ती म्हणाली.